नऊ दुरुस्त्या

५ फेब्रुवारी, बुधवार

मायना गाळलाय. ‘प्रिय’ लिहिलं तर तू गालातल्या गालात हसशील, आणि ‘श्री.’ लिहिलं तर म्हणशील, झालं हिचं सुरू. तेव्हा थेट मुद्द्यावर येते. हे पत्र मी समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून लिहितेय, हौस म्हणून नाही.

तू जिन्याने उतरलास आणि मी लिफ्टने, म्हणून वाचलास. नाहीतर तिथेच सुनावलं असतं. अरे, पाऊण तास! पाऊण तास त्या बाई विचारतायत, तुमच्यात नक्की काय बिनसलं, आणि तू ढिम्म. शेवटी तोंड उघडलंस ते कशासाठी, तर ‘या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार उशिरा लागतंय.’ एकवीस वर्षांच्या संसाराचं काय करायचं ते ठरवायला बसलोय आणि हा माणूस लिफ्टच्या दाराचं बोलतोय! बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं. लिफ्टची देखभाल हे तुझं काम, मान्य. पण आपण तिथे त्या कामाला गेलो होतो का?

आणि ती जागा तरी काय! डावीकडच्या दारात वकीलसाहेब, उजवीकडच्या दारात बाई, मधे एक बाक आणि टायपिस्ट मावशी. अर्धा तास डावीकडे बसून वेगळं होण्याचा अर्ज कसा करायचा ते ऐकायचं, मग पाऊण तास उजवीकडे बसून तो करायची खरंच गरज आहे का ते बघायचं. एकाने उसवायचं, दुसरीने शिवायचं, आणि दुकान दोघांचं एकच. वकीलसाहेब म्हणतात, पाच बैठका होऊ द्या, मग सहीचं बघू. बाई म्हणतात, तोवर फोनवर भांडायचं नाही, मेसेज करायचे नाहीत; हाताने पत्रं लिहा आणि पाकीट बंद करून टायपिस्ट मावशींकडे ठेवा. त्या वाचणार नाहीत, आणि वकीलसाहेबांच्या फायलीतही ती जाणार नाहीत. एकच अट, पत्रात खोटं लिहायचं नाही.

बरं, नाही लिहीत खोटं. नोव्हेंबरात तू बॅग भरून तुझ्या ताईकडे राहायला गेलास तेव्हा मी रागाच्या भरात म्हटलं होतं, ‘मग वकिलाकडेच जाऊ या ना!’ तू म्हणालास, ‘बरं.’ एकवीस वर्षांत इतक्या चटकन कशाला हो म्हणाला होतास रे? मला वेगळं व्हायचं नाहीये. हे मी त्या खोलीत कबूल करणार नाही, तू आधी बोलल्याशिवाय तर नाहीच. पण नाहीये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का? पाकीट फोडलं तर आत तुमच्या कंपनीचं छापील कार्ड, लिफ्ट तपासल्यावर बिल्डिंगवाल्यांना देता तेच.

‘तक्रार: घरात बोलणे बंद. केव्हापासून: चौदा महीने. तपासणि: झाली नाही. तात्पूरता उपाय: ताईकडे मुक्काम. शेरा: बी.पी.ची गोळी विसरू नये.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन पानं भरून आतलं सगळं काढून ठेवते आणि हा मला कार्ड पाठवतो! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारच्या टेबलावरचा पानांची मांडणी करणारा डोकावून म्हणतो, ‘काय हो, घरची लिफ्ट बंद पडली का?’ मी म्हटलं, हो, मधेच अडकलीय.

आणि ‘महिने’तला हि ऱ्हस्व. ‘तपासणी’तला णी दीर्घ. ‘तात्पुरता’तला पु ऱ्हस्व. काय करू, राहवत नाही. दिवसभर प्रूफं वाचायची, लोकांच्या चुकांवर लाल पेनाने खुणा करायच्या, त्यासाठीच ऑफिसने मला ठेवलंय. घरी आल्यावर डोळे काय काढून ठेवू?

गोळी आज विसरले होते. कार्ड वाचून घेतली.

काल बाईंसमोरही तू तेवढंच म्हणालास, ‘चौदा महिने.’ त्यांनी मला विचारलं, ‘चौदा महिन्यांपूर्वी काय झालं होतं?’ मी म्हटलं, काही विशेष नाही. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मग खिडकीकडे तोंड केलंस. त्या बघण्याचा मला फार राग आला. असं नुसतं बघू नये माणसाने. बोलायचं असेल तर बोलावं, नाहीतर बघूही नये.

आणि हो, वकीलसाहेबांनी दिलेलं ते कोरं पान पुढच्या बुधवारपर्यंत भरून आण. काय झालं आणि पुढे काय हवंय, ते आपापल्या शब्दांत. दोघांच्या पानांवरून कोर्टाचा एकच अर्ज होणार आहे. कार्ड चालणार नाही म्हणाले, मी विचारून घेतलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा होस्टेलवरून फोन आला होता. तिला म्हटलं, तुझे बाबा तोंडाला कुलूप लावून बसतात, मी एकटीने किती बोलायचं? तर कार्टी म्हणते कशी, ‘आई, कुलूप कुणी लावलं ते आठव की. त्या सत्काराच्या दिवशी.’ मी फोन ठेवला. मग घरभर भांडी आपटत फिरले. भांड्यांचा काही दोष नव्हता.

लिहिते. उद्या टायपिस्ट मावशींकडे पाकीट देईन म्हणजे माघार घेता येणार नाही.

वीस वर्षांत तुझ्या हातून एकही अपघात झाला नाही म्हणून कंपनीने तुझा सत्कार केला. आधी आठवडाभर तू गच्चीत जाऊन भाषण पाठ करत होतास. मला कागद दाखवला नाहीस. दाखवला असतास तर पुढचं काही झालंच नसतं. हे बघ, लिहितानासुद्धा तुझ्यावरच ढकलतेय! तू माईकसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, ‘मी सर्वांचा आभार मानतो.’ आणि मी पहिल्या रांगेतून म्हटलं, ‘सर्वांचे!’

हळूच म्हटलं होतं. पण तेव्हा सगळं सभागृह शांत होतं. मागची पोरं फिदीफिदी हसली, तुझे साहेबही हसले. तू कागदाची घडी घातलीस, ‘सर्वांचे’ म्हणालास आणि खाली येऊन बसलास. संपलं भाषण. घरी येताना मी तुला काय समजावलं, तर आभार नेहमी अनेकवचनीच असतात.

आता जे लिहितेय ते तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना तुझ्या पँटच्या खिशात तो कागद सापडला. पुढच्या सात ओळी राहिल्या होत्या. सातही माझ्याबद्दल होत्या. मी मशीनपाशी उभी राहून रडले. आणि रडता रडता त्यातल्या तीन चुका मोजल्या. कसली बाई आहे मी, सांग!

माफी मागायची होती. पण तू बोलत नव्हतास, मग मीच का आधी, असं करत एक आठवडा गेला, मग महिना, मग लोकांना सांगायला लागले की हाच बोलत नाही. चुकले मी. सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला. घे, लिहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल तू बैठकीला आलास तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवलीस. कुणाला विशेष वाटणार नाही, पण मला बरं वाटलं. पत्र वाचलंस ना? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पान मात्र भरून आणलं होतंस, एका बाजूने पूर्ण.

तू गेल्यावर टायपिस्ट मावशी म्हणाल्या, ‘अगं, तू हेच काम करतेस ना? टाइप करण्याआधी जरा नजर टाक.’ मी तिथेच बाकावर बसून तुझं पान बघितलं. अक्षर सुधारलंय हं! ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी. शब्दकोश घेऊन बसला होतास की काय?

एकच चूक आहे, पण ती नऊ ठिकाणी. तू सगळीकडे ‘आपण’ लिहिलंयस. ‘आपण एकवीस वर्षं एका घरात राहिलो. आपल्याला एक मुलगी आहे.’ अरे, हे कोर्टाला लिहायचंय. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. म्हणजे न्यायाधीशसुद्धा एकवीस वर्षं आपल्या घरात राहिले का? आणि मुलगी त्यांचीही? मी बाकावर एकटीच हसत होते. तिथे ‘आम्ही’ पाहिजे. आम्ही दोघे आत, ऐकणारा बाहेर.

नऊच्या नऊ ठिकाणी लाल पेनाने आम्ही, आम्हाला, आमचं करून दिलं. पाच मिनिटांचं काम. मावशी म्हणाल्या, इतकं स्वच्छ कुणी करून देत नाही. राग मानू नकोस, उगाच कोर्टात कुणी तुला हसायला नको, म्हणून केलं. तेवढंच माझ्या हातून एक चांगलं काम.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मी माती खाल्ली. हे सगळं वाच, मग मला काय बोलायचं ते बोल.

आज बाईंनी मला एकटीलाच बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर तुझं पान, माझ्या लाल खुणांसकट. टाइप करून झाल्यावर मावशींनी ते तुला परत दिलं, आणि तू ते बाईंकडे देऊन म्हणालास, ‘तिला दाखवा.’ बाईंनी मला विचारलं, ‘हे त्यांनी कुणाला लिहिलंय?’

‘कोर्टाला,’ मी म्हटलं.

‘कोर्टाला लिहिताना माणूस आपण म्हणेल का?’

‘नाही ना! म्हणून तर दुरुस्त केलं!’

त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं फक्त.

मग मी वाचलं. म्हणजे या वेळी खरोखर वाचलं. प्रूफ बघताना मी अक्षरं बघते, मजकूर कधी बघतच नाही, तशी सवयच लागलीय. ‘आपलं भांडण मोठं नाही. आपण बोललो नाही, एवढंच झालं. आपल्याला काय हवंय ते आपल्याला अजून सांगता आलेलं नाही.’ कोर्टाच्या कागदावर तू मला लिहीत होतास. ऐकणारी मी होते. माझी माफी वाचून तू उत्तर दिलं होतंस, तुला जमेल तसं, शब्दकोश घेऊन. वाक्यावाक्याला मला आत घेत होतास, आणि मी पेन घेऊन नऊ वेळा स्वतःला बाहेर काढलं. वर मला हसू येत होतं!

या पत्रांत मीही तुला आपण-आपणच लिहितेय की. ते कसं खटकलं नाही मला? तुझं तेवढं चुकलं!

बाहेर येऊन मावशींना म्हटलं, अर्ज पुन्हा टाइप करा, मूळ पानावर होतं तसा. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, तुझे मिस्टर काल येऊन सही करून गेले.’ मला दाखवला त्यांनी. नीट, गोल, वळणदार सही केलीयस.

माझी जागा रिकामी आहे आणि ती तशीच राहणार. मी सही करणार नाही, ऐकतोयस? पुढच्या बुधवारी शेवटची बैठक आहे. जे तू हाताने लिहिलं होतंस तेच तुला म्हणायचं होतं, एवढं माझ्या तोंडावर सांग. त्यानंतर काय वाटेल ते बोल, शिव्या दे. पण बोल रे बाबा. हात जोडते.

१ मार्च, शनिवार

कार्ड मिळालं.

‘तक्रार: एक शब्द. तपासणी: केली. कारण: माझी चूक. दुरुस्ती: तू केलीस ती योग्य. शेरा: सही करावी.’

एकही चूक नाही यात. ‘तपासणी’सुद्धा दीर्घ. काय छान शिकलास रे! जन्मभर मला माझंच खरं करायचं असतं, असं तुझी ताई म्हणते ना? आता पहिल्यांदा मला चुकीचं ठरायचंय, तर तू मला बरोबर ठरवून मोकळा होतोस. इतका राग आला की कार्ड टराटरा फाडलं. मग जमिनीवर बसून तुकडे जुळवले, म्हटलं शेरा नीट वाचला नसेल. नीटच वाचला होता. गोळीचं काही नव्हतं.

बुधवारी ये. न येण्याची सोय नाही, वकीलसाहेबांना मी फोन करून सांगितलंय की तो आला तरच मी येईन.

६ मार्च, गुरुवार

बैठका संपल्या, आता पत्र लिहायला कुणी सांगितलेलं नाही. तू काल तिथेच होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितेय, कारण मी जे ऐकलं ते नीट ऐकलं का, हे मला एकदा कागदावर बघायचंय.

वकीलसाहेब आणि बाई पहिल्यांदाच एका खोलीत बसले होते. अर्ज टेबलावर मधोमध. बाईंनी तुला विचारलं, ‘तो शब्द चुकून आला होता की तसंच लिहायचं होतं?’

तू म्हणालास, ‘चुकून.’

आणि मी उसळले. ‘चुकून नव्हता! तुला काय म्हणायचंय ते तुलाच कळत नाही. थांब, मी सांगते. तुला म्हणायचं होतं की...’

तिथे माझा आवाज मला ऐकू आला. कुणी अडवलं नव्हतं मला. वकीलसाहेब पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होते, बाई वहीकडे बघत होत्या. तू खाली मान घालून बसला होतास, माझं बोलणं संपायची वाट बघत. अगदी सवयीने. मी गप्प बसले. पुढचं वाक्य घशाशी आलं होतं, ते तिथेच धरून बसले.  

मग तू बोलायला लागलास.

‘शब्द बरोबरच होता. तुलाच लिहिलं होतं. तुझं सत्काराचं पत्र वाचलं, खूप बरं वाटलं. म्हटलं, आता मीही लिहावं. दोन दिवस बसलो त्याला. मग पान परत आलं. राग नाही आला मला. हसूच आलं. घरात काही बोलायच्या आधी मी वाक्य मनात तपासून घेतो. एखादा शब्द शंकेचा वाटला की सोडून देतो. असं सोडून देता देता आता तुझ्याशी बोलायला काही उरलंच नाही. तू माझी मदत करायला जातेस, मला कळतं ते.’

‘मला मदत.’ जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

‘ताईकडे मी जेवताना बडबडत असतो. परवा ती म्हणाली, अरे, गप बस की जरा! मला इतकं छान वाटलं ते. कुणीतरी मला गप बस म्हणतंय!’ हे सांगताना तू हसलास. तुझं असं हसणं मी किती दिवसांनी बघितलं, आणि ते ताईच्या घरातलं होतं.

मग माझ्याकडे सरळ बघून म्हणालास, ‘तू वाईट नाहीस. तसं मी कधी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण मला वेगळं राहायचंय.’

बाईंनी मला विचारलं, ‘तुम्हाला काही म्हणायचंय?’

म्हणायचं होतं की! दहा गोष्टी म्हणायच्या होत्या. मी बदलेन, पेन फेकून देईन, एक महिना घरी राहून बघ, हे रागावून ठरवायचं काम नाही. यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे तुझ्या बोलण्यावर माझी एक खूण झाली असती. मी म्हटलं, ‘नाही. त्याने सांगितलं ते मला कळलं.’

वकीलसाहेबांनी विचारलं, अर्ज एकदा वाचून घेता का? मी म्हटलं, वाचलाय मी, चांगला वाचलाय. आणि सही केली. सही वेडीवाकडी आली. ती तशीच ठेवली.

तू घरी यावास असं मला काल सकाळी वाटत होतं, आज सकाळीही वाटतंय. माझी स्वतःचीच इतकी चीड आलीय की काय करू ते सुचत नाही. एकवीस वर्षांत तुझं हे पहिलं वाक्य मी होतं तसं राहू दिलं, आणि ते मला सोडून जायचं निघालं.